केटलीचं दुकान

क्रोमर, नॉरफोक
४ मार्च १९९१

म्यूरिएल टास्करला,

लग्नानंतर तुझं आडनाव बदललं हे ठाऊक आहे, पण माझ्या डोक्यात तू टास्करच आहेस. मी अँब्रोस केटली. 'फायनल व्हिसल' या फुटबॉलच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर 'कॅप्टन बीकन' ही चित्रकथा काढायचो तो. तू त्याच्या संवादांच्या फुग्यांत अक्षरं भरायचीस. पत्ता तुझ्या बहिणीने दिला. मी अजून जिवंत आहे याची तिने आधी दोनदा खात्री करून घेतली.

कामाचं सांगतो. कॅप्टन बीकन सध्या कोर्टात आहे. साप्ताहिक बंद पडल्यावर मालकाच्या मुलाने, धाकट्या लीचने, बीकन आधी लंडनच्या एका मासिकाला विकला आणि चार वर्षांनी तोच बीकन न्यूयॉर्कच्या एका कंपनीलाही विकला. दोघांनी एकमेकांवर दावे लावले. न्यूयॉर्कवाल्यांनी जुन्या पानांचे तीन अंक काढले होते, तेवढ्यात मनाईहुकूम आला. त्याला सहा वर्षं झाली. छातीवरच्या दिव्याने अख्खं लंडन वाचवणारा माणूस वकिलांच्या कपाटात पडून आहे.

आता न्यायाधीशांनी साधा प्रश्न विचारला आहे, की मुळात हा काढला कोणी? मी काढला. टूटिंगच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका दिवसात. सायकलच्या टायरवाल्याने जाहिरात मागे घेतली आणि शेवटचं पान रिकामं पडलं म्हणून. मी कंपनीचा नोकर कधीच नव्हतो आणि हक्क कुणाला लिहून दिले नाहीत, तेव्हा धाकट्या लीचने दोनदा विकला तो माल त्याचा नव्हताच. पण एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन्हीकडचे वकील इथे एक झाले आहेत. म्हणे बीकन कंपनीच्या चित्रशाळेत सगळ्यांनी मिळून केला, केटलीचा असता तर एखाद्या तरी पानावर त्याची सही दिसली असती.

सही होती. प्रत्येक पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात. आणि प्रत्येक पानावर तुमच्या त्या प्रॉसरने तिच्यावर पांढरा रंग फासला. संपादक म्हणवत होता स्वतःला. पहिला अंक हातात आला, कोपरा पाहिला, आणि त्यानंतर एकही अंक मी उघडला नाही. पोस्टाने यायचा तो तसाच कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडे जायचा, चिप्स बांधायला.

मूळ पानं कंपनीने कधी परत दिली नाहीत. तुझ्याकडे एखादं राहिलं आहे का? सुनावणी ऑक्टोबरात आहे आणि मी बहात्तर वर्षांचा आहे. त्या पोराच्या बापाच्या रकान्यात माझं नाव बघायचं आहे, बाकी काही नको.

तुझा,
ए. केटली

---

ॲडलेड
२६ मार्च १९९१

प्रिय मिस्टर केटली,

तुमचं अक्षर पाकिटावरूनच ओळखलं. 'के'चा पाय अजून तसाच लांब पडतो. त्याच्यामुळे माझ्या किती फुग्यांना जागा उरली नाही ते तुम्हाला कधी कळलं नसेल.

इथे सगळं ठीक. नवरा गेल्याला चार वर्षं झाली, मुलगी जवळच राहते. मी लोकांचे कपडे शिवून देते आणि हवा फार गरम आहे अशी तक्रार करते. सत्तावीस वर्षं झाली तरी इथल्या लोकांना ती तक्रार नवीन वाटते.

पान आहे. एकच आहे. निघताना मी ते ट्रंकेच्या तळाला घातलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, इतकी वर्षं त्याच्यावर कापड बेतलं. अंक सदतिसावा, बीकन चंद्रावर जातो तो. पाठीवर कात्रीचे ओरखडे आहेत, पण चित्राची बाजू चांगली आहे. माझी अक्षरं मात्र गेली. तेव्हा ती कागदाच्या पट्ट्यांवर लिहून डिंकाने चिकटवायचे ना, इथल्या उन्हाळ्यात डिंक टिकला नाही. सगळे फुगे मुके झाले आहेत. कोपऱ्यातला पांढरा ठिपका तेवढा शाबूत आहे. वेगळ्या पाकिटाने पाठवते.

मासेवाल्याचं वाचून हसले. तुमचा तिरकसपणा गेला नाही. त्या पाट्यांबद्दल तुम्ही तेव्हा कधी चकार शब्द काढला नाहीत, म्हणून मीही काढला नाही. आवडल्या नसतील असंच धरून चालले होते. आता विचारायला हरकत नाही, नाही का?

तुमची,
म्यूरिएल स्टॅनिफोर्थ

---

क्रोमर
१५ एप्रिल १९९१

प्रिय म्यूरिएल,

आधी ते मिस्टर काढून टाक. बँकेच्या बाईने हाक मारल्यासारखं वाटतं.

पान पोचलं. माझी वकील, मिस पेनिफोल्ड, नॉरिचची आहे, वयाने माझ्या नातीएवढी आणि बोलण्यात माझ्या आईएवढी. तिने पान एका जाणकाराकडे नेलं. त्याने कापसाच्या बोळ्याने तो पांढरा रंग हळूहळू काढला आणि खालून 'ए. केटली' निघालं. मी समोरच बसलो होतो. पस्तीस वर्षांनी आपलंच नाव असं पुढ्यात आलं. मिस पेनिफोल्डने चहा मागवला आणि मी तो थंड होऊ दिला.

समोरच्यांचं म्हणणं, एका पानावरून काय होतं? सही आणि वरचा रंग नंतरही चढवता येतो. त्यांनी कंपनीचे सगळे बांधीव अंक पुरावा म्हणून कोर्टात दाखल केले आहेत. बघा, म्हणे, आठ वर्षांत एका कोपऱ्यात तरी सही दाखवा. तेव्हा ज्याने रंग लावताना पाहिला असा कुणीतरी शपथेवर सांगायला हवा. प्रॉसर चौऱ्याहत्तर साली मेला. त्याच्या मयताला मी गेलो नाही. आमंत्रणाचं कार्ड आलं होतं, मी ते परत पाठवलं. आज तो असता तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करून त्याच्या तोंडून वदवून घेतलं असतं. तो नाही, तर तू आहेस. त्याने पांढरा रंग लावला हे तू पाहिलंस, एवढंच प्रतिज्ञापत्र दे.

पाट्यांचं काय म्हणतेस ते कळलं नाही. तू पाठवलेल्या पानावर पाटी कसली, एक खोका आहे आणि त्याच्यावर डिंकाचा डाग. माझ्याकडचे न्यूयॉर्कवाल्यांचे तीन अंकही काढून पाहिले. त्यांत दुकानांच्या पाट्या कोऱ्या आहेत. मी त्या कोऱ्याच काढायचो. लिहिण्याचं काम तुमचं होतं.

अँब्रोस

---

ॲडलेड
२ मे १९९१

प्रिय अँब्रोस,

तुझ्या म्हणण्याप्रमाणे मिस्टर काढलं. तुला 'तू' म्हणणं जड जातं आहे, पण पुढचं 'तुम्ही' म्हणून लिहिता येणार नाही.

तुला हवं ते प्रतिज्ञापत्र मी देऊ शकत नाही, कारण ते खोटं होईल. पांढरा रंग प्रॉसरने लावला नाही. मी लावला.

कामावर लागले त्या दिवशी त्याने माझ्या टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या, एक काळी शाई आणि एक पांढरा रंग. कोणत्याही चित्रकाराचं नाव छापायचं नाही, हा लीचसाहेबांचा नियम होता. एकदा नाव झालं की माणूस दुसरीकडे जातो, अशी त्यांना भीती. तू गुरुवारी पान ठेवून, टोपी घालून जिना उतरायचास, आणि तुझी पावलं खालच्या मजल्यावर पोचायच्या आत मी तुझं नाव पुसलेलं असायचं. शाईच्या आधी तो रंग वाळावा लागायचा ना. आठ वर्षं हेच केलं. तू प्रॉसरला शिव्या घालायचास तेव्हा मी समोर बसून निबं पुसत असायचे. मला लाज वाटायची आणि तरी मी गप्प बसले, कारण तू माझ्याशी तेवढा चांगला बोलायचास. हे लिहायला मला पस्तीस वर्षं लागली, याचीही लाज वाटते.

आता पाट्यांचं. तुझ्या त्या नव्या अंकांत त्या कोऱ्या कशा हे मला कळत नाही. पण जुना, खरा अंक कुठलाही काढ, अगदी कुठलाही, आणि रस्त्यावरच्या दुकानांकडे बघ. मग लिही.

म्यूरिएल

---

क्रोमर
९ ऑगस्ट १९९१

मिसेस स्टॅनिफोर्थ यांना,

आपलं मे महिन्याचं पत्र मिळालं. प्रतिज्ञापत्राबाबत माझ्या वकील मिस पेनिफोल्ड आपल्याशी परस्पर पत्रव्यवहार करतील. आपण खरं ते लिहून द्यावं.

ए. केटली

---

ॲडलेड
२३ ऑगस्ट १९९१

अँब्रोस,

प्रतिज्ञापत्र आजच मिस पेनिफोल्डला पाठवलं. रंग मी लावला, त्याच्याखाली दर वेळी तुझी सही होती, पान तू दर गुरुवारी बाहेरून आणायचास आणि त्या इमारतीत तुला बसायला खुर्चीसुद्धा दिलेली नव्हती, असं सगळं त्यात आहे.

तुला राग येणारच होता, तो मी सोसते. पण तीन महिन्यांनी तीन ओळी आल्या आणि त्यांत पाट्यांचा एक शब्द नाही, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझं पत्र तू शेवटपर्यंत वाचलंच नाहीस. 'मी लावला' इथे घडी घालून खणात टाकलंस. आणि मग मार्चमधलं मासेवाल्याचं आठवलं. ती थट्टा नव्हती तर. तू खरंच अंक न उघडता देऊन टाकायचास. अँब्रोस, तू आयुष्यात कुठलीही गोष्ट पूर्ण उघडून बघितली आहेस का?

आता उभ्याने वाच, म्हणजे घडी घालायला सुचणार नाही.

पहिला अंक छापून आला तेव्हा तू तो माझ्याच टेबलाशी उभा राहून पाहिलास. कोपऱ्यावर अंगठा फिरवलास आणि निघून गेलास. मला राहवलं नाही. पुढच्या गुरुवारी तू रस्ता काढून आणलास, त्यात एका दुकानावर कोरी पाटी होती. कोपऱ्यातलं नाव मी पुसलं आणि ते उचलून पाटीवर लिहिलं, 'केटली – दिव्यांची दुरुस्ती'. बीकनच्या छातीवर दिवा, म्हणून दिव्यांचं दुकान. त्यानंतर दर आठवड्याला लिहिलं. रस्ता नसेल तिथेही लिहिलं. चंद्रावर तू पाटी काढली नव्हतीस, मी खोक्यावर चिकटवली. तो डिंकाचा डाग तिचाच आहे.

आता प्रॉसर. मला वाटलं होतं, त्याची नजर कोपऱ्यापलीकडे जात नाही. मग एका गुरुवारी कामाच्या घाईत मी पाटी विसरले. पान त्याच्याकडे गेलं आणि दहा मिनिटांत तो ते घेऊन माझ्या टेबलाशी आला. तुला आठवतं ना, तो कधी कुणाच्या टेबलाशी यायचा नाही. पान ठेवलं आणि म्हणाला, "केटलीचं दुकान आज बंद का?" आणि चहा प्यायला निघून गेला. मी पाटी लिहिली. पुढे लीचसाहेबांनीही एकदा पाटी पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. प्रॉसरने सांगितलं, किटल्यांची एक कंपनी आहे साहेब, आज ना उद्या जाहिरात देईल. त्यावर लीचसाहेब खूश झाले.

तुझ्याशी तो वाकडा वागायचा हे खरं. तो सगळ्यांशीच तसा वागायचा. पण त्याला माझं पाप इतकी वर्षं मी वाहू दिलं, आणि त्याच्या मयताला तू गेला नाहीस ते माझ्यामुळे.

म्यूरिएल

---

क्रोमर
३० सप्टेंबर १९९१

प्रिय म्यूरिएल,

उभ्याने वाचलं. मग बसलो, आणि खणातलं मेचं पत्रही काढून पुरतं वाचलं. तू म्हणालीस तिथेच घडी होती.

गुरुवारी मिस पेनिफोल्ड मला लंडनला घेऊन गेली. ते बांधीव अंक कोर्टाच्या कचेरीत ठेवले आहेत, समोरच्यांनीच दाखल केलेले. कारकुनाने पहिला खंड टेबलावर ठेवला आणि मी तो पाच मिनिटं उघडलाच नाही. शेवटी त्या पोरीने माझ्या हातात चष्मा दिला.

सगळं दिसलं. पिकॅडिलीत दुकान आहे, साउथेंडच्या धक्क्यावर आहे, वाळवंटात उंटाच्या खोगिरावर आहे. पाणबुडीच्या आत आहे, तिथे दिवे दुरुस्त करायला कोण जाणार होतं कोण जाणे. बीकन काळाच्या मागे जातो आणि रोमन शिपायांशी लढतो, तिथे एका खांबावर रोमन अक्षरांत केटली. त्या खांबापाशी मी हसायला लागलो, आणि हसता हसता रडलो, हे तुला सांगून टाकतो. मी वाळीत टाकलेली ती पानं तू इतकी जपली होतीस. कारकुनाने खिडकी उघडली आणि पाणी आणून दिलं.

मिस पेनिफोल्डने मोजलं. चारशे बारा अंक, त्यांतल्या चारशे नऊमध्ये दुकान उघडं. पहिल्यात नाही ते समजलं. उरलेले दोन कुठले?

आता कोऱ्या पाट्यांचं कोडंही सुटलं. न्यूयॉर्कवाल्यांच्या वकिलांना वाटलं, ही किटल्या बनवणाऱ्या कुणाची तरी फुकट जाहिरात आहे, उद्या दावा लागायचा. म्हणून छापण्याआधी त्यांनी सगळ्या पाट्या पुसल्या. तसं पत्रच आहे त्यांच्या कागदांत. आणि ऐक, आठेक वर्षांपूर्वी नॉरिचच्या बाजारात एका माणसाने मला नाव विचारलं आणि म्हणाला, दुकान कसं चाललंय? मी म्हटलं, माणूस चुकला आहे तुमचा. त्याच्या तोंडावर पाठ फिरवून आलो.

 प्रॉसरची बायको हॉर्शमला असते असं कळलं. तिला पत्र लिहायला तीनदा बसलो.

अँब्रोस

---

ॲडलेड
१२ ऑक्टोबर १९९१

प्रिय अँब्रोस,

मला गालगुंड झालं होतं. दोन आठवडे. माझ्या जागी जो बसला त्याला पाटीचं ठाऊक नव्हतं, आणि प्रॉसर त्याला सांगणार कसा?

सुनावणीला जाताना तो तपकिरी कोट घालू नकोस, आजवर टिकला असेल तर.

म्यूरिएल

---

क्रोमर
२० जानेवारी १९९२

प्रिय म्यूरिएल,

तोच घातला होता.

सुनावणी दोन दिवस चालली. समोरच्यांनी म्हटलं, कर्त्याचं नाव नेहमीच्या पद्धतीने छापलं असेल तरच कायदा ते धरतो, आणि उंटाच्या खोगिरावर छापणं ही काही नेहमीची पद्धत नव्हे. न्यायाधीश म्हणाले, चारशे नऊ वेळा केलेल्या गोष्टीला आणखी किती वेळा केल्यावर नेहमीची म्हणायचं? मग तुझं प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं, आणि दुपारी दोन्ही कंपन्यांचे वकील मिस पेनिफोल्डला भेटायला जिन्यात उभे होते. नाताळाआधी सगळं मिटलं. बीकन माझा. दोघांनाही आता तो माझ्या परवानगीने छापावा लागेल. आधी जुनी पानं येणार, पाट्यांसकट, आणि प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर छापतील, 'निर्मिती अँब्रोस केटली'. त्याच्याखाली 'अक्षरं म्यूरिएल टास्कर' असं मी घालायला लावलं. टास्करच घातलं आहे. चालेल ना?

मला वाटलं होतं, हे झालं की फार मोठं काहीतरी वाटेल. बरं वाटलं. घरी आलो आणि खेकडा खाल्ला.

हॉर्शमला जाऊन आलो. प्रॉसरची बायको नव्वदीची आहे, तिला मी कोण ते कळलं नाही. मी प्रॉसरविषयी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. ती म्हणाली, त्यांना किटल्यांचं फार वेड होतं, घरात एकही किटली नसताना दुकानाच्या गोष्टी करायचे. मी मान हलवली.

पुस्तकाचं वेष्टन मला काढायला सांगितलं आहे. सोबतच्या पाकिटात ते आहे, घडी घालू नये असं मी बाहेर लिहिलं आहे. बीकन छपरावर उभा आहे, खाली रस्ता आहे. कोपऱ्यात सही केलेली नाही. रस्त्यावर एकच दुकान काढलं आहे आणि पाटी कोरी ठेवली आहे. तिच्यावर काय लिहायचं ते तू ठरव. मी विचारणार नाही, तू लिहिशील ते छापून येईल.

अँब्रोस

---

ॲडलेड
१६ फेब्रुवारी १९९२

प्रिय अँब्रोस,

टास्कर चालेल. मुलगी म्हणते, ही कोण बाई? तिला आता सगळं सांगायला बसले आहे.

वेष्टन परत पाठवते आहे. तुझा हात अजून पक्का आहे, फक्त बीकनला पोट सुटलंय. माझा हात पक्का राहिलेला नाही. सत्तावीस वर्षांनी टाक धरला, वर्तमानपत्राच्या कागदावर चार दिवस नुसत्या रेघा ओढल्या, आणि पाचव्या दिवशी एका दमात पाटी लिहिली. या वेळी पट्टी चिकटवली नाही, सरळ पुठ्ठ्यावर लिहिली. डिंकाचा आता भरवसा नाही.

तुझं नाव आत आलं, माझं आलं. मग मी बराच वेळ विचार केला की या सगळ्यात कुणाचं नाव कुठेच आलेलं नाही, आणि पाटीवर लिहिलं, 'प्रॉसर – दिव्यांची दुरुस्ती'.

तुला पसंत नसेल, तर पांढरा रंग तुझ्याकडेही असेलच.

म्यूरिएल